चिन्हसंग्रहातील गृहीत मूल्ये : एक चिकित्सा

१

विद्युत् मंडलाची आकृती ही अभियंत्यांची भाषा होय, हे विधान आपल्या वर्गांतून नेहमी केले जाते. ते खरे असेल तर ह्या भाषेचीही इतर भाषांप्रमाणे चिकित्सा व्हावयास हवी. तिच्यातील कोणते चिन्ह काय सांगते, काय सांगत नाही, आणि न सांगताही सांगितल्याचा भास कोठे निर्माण करते, हे तपासावयास हवे. प्रस्तुत लेखात ह्या मोठ्या प्रश्नाचा एकच कोपरा घेतला आहे. संगणकावर मंडलाकृती काढण्याच्या साधनांत तयार चिन्हांचे संग्रह असतात. त्या चिन्हांना संग्रहकर्त्याने आगाऊ जोडून ठेवलेली मूल्ये कोणत्या तत्त्वावर ठरविली जातात आणि ती तशी ठरविणे कितपत युक्त आहे, एवढाच येथे विचार केला आहे. व्यवहारात ह्यांना डिफॉल्ट मूल्ये म्हणतात. येथे त्यांना 'गृहीत मूल्ये' म्हटले आहे, कारण ती कोणीतरी गृहीत धरलेली असतात. कोणी आणि कशासाठी, हे मात्र बहुधा विस्मरणात गेलेले असते.

विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही हे दाखविण्यासाठी एलएम३१७ ह्या परिचित व्होल्टेज-नियामकाचे उदाहरण पुरेसे आहे. ह्या नियामकाचे निर्गत व्होल्टेज दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरते. दुसऱ्या रेझिस्टरला पहिल्याने भागावे, त्यात एक मिळवावा आणि येणाऱ्या संख्येस १.२५ ने गुणावे, म्हणजे उत्तर व्होल्टमध्ये मिळते. समायोजन-प्रवाहाचा अल्प परिणाम येथे सोडून दिला आहे. पहिला रेझिस्टर २४० ओहम व दुसरा ७२० ओहम घेतल्यास ५ व्होल्ट येतात. आता दुसऱ्याचे मूल्य भरावयाचे राहून गेले आणि चिन्हासोबत आलेले १ किलोओहम तसेच राहिले, तर निर्गत व्होल्टेज सुमारे ६.४६ होईल. त्यावर ॲटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर जोडलेला असेल, तर त्याची ६ व्होल्टांची कमाल सहनमर्यादा ओलांडली जाईल.

ह्या प्रमादाचे वैशिष्ट्य असे, की तो कोठेही अडत नाही. आकृती निर्दोष दिसते. विद्युत् नियम तपासणारे साधन संमती देते, कारण कोणती पिन कोणत्या पिनेशी जोडली आहे एवढेच ते पाहते. घटकयादीत १ किलोओहमचा एक रेझिस्टर वाढतो, तो बाजारात सहज मिळतो आणि फलकावर नीट बसतो. आकृती काढणारा, माल मागविणारा आणि फलक जुळविणारा ह्या तीन भिन्न व्यक्ती असतील, तर नंतरच्या दोघांना संशय येण्याचे कारणच उरत नाही. कोणीही न घेतलेला निर्णय अशा रीतीने तिघांच्या हातून पार पडतो.

२

गृहीत मूल्यांचा उगम पाहू गेल्यास सिम्युलेशनच्या परंपरेकडे जावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डोनाल्ड पेडरसन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल ह्यांनी विकसित केलेला स्पाइस हा कार्यक्रम १९७३ साली प्रकाशात आला. त्याच्या मूळ परिभाषेत एक सूक्ष्म विवेक दिसून येतो. रेझिस्टरच्या ओळीत मूल्य लिहिणे हे वाक्यरचनेचेच अंग होते, आणि ते मूल्य शून्य असून चालत नसे. ट्रान्झिस्टरच्या प्रतिमानातील राशी मात्र सांगितल्या नाहीत तर गृहीत धरल्या जात. द्विध्रुवी ट्रान्झिस्टरचा प्रवाहगुणक न दिल्यास तो १०० मानला जाई. म्हणजे घटकाचे मूल्य आणि घटकाच्या जातीचा स्वभाव ह्यांत ह्या कार्यक्रमाने भेद केला होता. स्वभाव गृहीत धरता येतो; मूल्य विचारूनच घ्यावे लागते.

हा भेद आपल्या व्याकरणपरंपरेच्या भाषेत अधिक स्पष्ट करता येईल. पाणिनीय शास्त्रात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे विशेष नियम. अपवाद जेथे पोहोचत नाही तेथे उत्सर्ग लागू होतो, आणि तेथे तो योग्यच असतो. किंबहुना त्या उरलेल्या क्षेत्रात योग्य असणे हीच उत्सर्गाची पात्रता होय. प्रवाहगुणक १०० हा ह्या अर्थाने उत्सर्ग आहे, कारण लहान ट्रान्झिस्टरांच्या मोठ्या वर्गाला तो ढोबळ मानाने लागू पडतो. रेझिस्टरला असा उत्सर्ग असूच शकत नाही. ओहमच्या अंशापासून मेगओहमपर्यंत पसरलेल्या मूल्यांत 'सामान्य रेझिस्टर' असे काही नसते. तेथे १ किलोओहम लिहिणे हा नियम नव्हे. ती केवळ जागा भरणे होय.

आकृती काढून सिम्युलेशन करण्याची सोय झाल्यावर हा विवेक सैल झाला. पीस्पाइसच्या प्राथमिक संग्रहात रेझिस्टर १ किलोओहम, कपॅसिटर १ नॅनोफॅरड आणि इंडक्टर १० मायक्रोहेन्री अशी मूल्ये घेऊनच येतो. क्यूक्स ह्या मुक्त साधनात तेच तीन घटक ५० ओहम, १ पिकोफॅरड व १ नॅनोहेन्री अशा मूल्यांसह अवतरतात. ह्या दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ह्या संख्या घटकांविषयी काही सांगत नाहीत. संग्रहकर्त्याच्या व्यवसायाविषयी सांगतात. ५० ओहम हा उच्च कंप्रतेच्या प्रेषणमार्गांचा रूढ प्रतिरोध आहे, आणि क्यूक्सच्या कर्त्यांची दृष्टी त्याच क्षेत्राकडे होती हे त्या एका संख्येवरून कळते. एक्सस्कीम ह्या साधनातील रेझिस्टर तर १ किलोओहमसोबत १२०६ हा आकारही घेऊन येतो. येथे विद्युत् राशीबरोबर भौतिक देहही गृहीत धरला आहे.

ह्या पद्धतीच्या बाजूने जे सांगितले जाते ते टाकाऊ नाही. नवशिक्याने काढलेले मंडल पहिल्याच प्रयत्नात चालते आणि त्याला काहीतरी तरंगरूप दिसते. मूल्ये बदलत बदलत तो शिकतो. प्रयोगशाळेच्या मर्यादेत ही सोय मोलाची आहे. आक्षेप सोयीवर नसून तिच्या प्रवासावर आहे. सिम्युलेशनसाठी धरलेली संख्या त्याच आकृतीतून घटकयादीत आणि तेथून बाजारात जाते. वाटेत कोठेही तिची जात बदलल्याची नोंद होत नाही.

गृहीत मूल्य जितके विश्वसनीय दिसते तितके ते घातक असते, हे येथे लक्षात घ्यावे. रेझिस्टरांची बाजारातील मूल्ये ई-मालिकांनी बांधलेली आहेत. ई-१२ मालिकेत एका दशकात १२ आणि ई-२४ मध्ये २४ मूल्ये येतात, आणि दोहोंचा आरंभ १.० पासून होतो. १ किलोओहम हे प्रत्येक मालिकेत असलेले, प्रत्येक दुकानात मिळणारे आणि प्रत्येक मंडलात शोभणारे मूल्य आहे. चिन्हावर ३१७.४ ओहम असे विचित्र मूल्य लिहिलेले असते, तर कोणाची तरी नजर निश्चित अडखळली असती.

३

दुसरी पद्धत मूल्याच्या जागी नाव लिहिण्याची आहे. एलटीस्पाइसमध्ये कागदावर ठेवलेल्या रेझिस्टरजवळ 'आर' एवढेच अक्षर दिसते. ते न बदलता सिम्युलेशन चालविले तर कार्यक्रम चूक दाखवून थांबतो. हे थांबणे नवशिक्याला त्रासदायक वाटते. चिकित्सकाच्या दृष्टीने मात्र तो ह्या पद्धतीचा गुण आहे, कारण न घेतलेला निर्णय येथे निर्णयाचे सोंग घेऊ शकत नाही.

कीकॅडचा प्रकार ह्याहून गुंतागुंतीचा आहे. हे साधन जाँ-पिएर शारास ह्यांनी १९९२ मध्ये सुरू केले. २०१३ पासून सर्न ह्या युरोपीय संशोधनसंस्थेचा त्याला हातभार लागला, आणि आज ते जगभर वापरात आहे. त्याच्या अधिकृत संग्रहासाठी एक लिखित नियमावली आहे, आणि तीनुसार चिन्हाच्या मूल्याच्या रकान्यात चिन्हाचे नाव लिहिले जाते. म्हणून सामान्य रेझिस्टरचे मूल्य 'आर', सामान्य कपॅसिटरचे 'सी', आणि १एन४१४८ ह्या डायोडचे मूल्य '१एन४१४८'. नियम एक आहे, परंतु त्याचे अर्थ दोन होतात. डायोडच्या बाबतीत नाव हेच पूर्ण सत्य आहे, कारण त्या नावाने वस्तू मागविता येते. रेझिस्टरच्या बाबतीत तेच नाव एका उणिवेची खूण आहे. एकाच रकान्यात एके ठिकाणी उत्तर आणि दुसऱ्या ठिकाणी प्रश्न लिहिलेला असतो, आणि दोहोंचे लेखन मात्र एकच.

ह्या संदिग्धतेचे आणखी एक फळ आहे. ज्या चिन्हांच्या नावात वेष्टनाचाही निर्देश असतो, त्यांच्या मूल्यातही तो उतरतो. एलएम३१७ चे टीओ-२२० वेष्टनातील चिन्ह घेतल्यास नियामकाचे नाव व वेष्टनाचे नाव एकत्र जोडलेला शब्द मूल्य म्हणून घटकयादीत जातो. संग्रहातील ओळख आणि आकृतीतील मूल्य ह्या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. पहिली संग्रहकर्त्याची, दुसरी आकृतिकाराची. दोहोंना एकाच रकान्यात बसविल्यामुळे संग्रहाच्या सोयीसाठी दिलेले नाव वस्तूच्या अंगावर चढते.

एवढे दोष असूनही 'आर' हे '१ किलोओहम' पेक्षा श्रेष्ठ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याचे कारण व्यवहारातच सापडते. कीकॅडमध्ये आकृतीतील सर्व घटक मूल्यानुसार गट पाडून एका कोष्टकात पाहता येतात. मूल्य भरावयाचे राहिलेले रेझिस्टर 'आर' ह्या स्वतंत्र गटात एकत्र उभे राहतात. डोळ्यांखालून ते सुटणे कठीण. त्याच ठिकाणी गृहीत मूल्य १ किलोओहम असते, तर विसरलेले रेझिस्टर विचारपूर्वक निवडलेल्या १ किलोओहमच्या रेझिस्टरांत मिसळून गेले असते. गट पाडण्याची जी क्रिया एका पद्धतीत चूक उघडी करते, तीच दुसऱ्या पद्धतीत तिला झाकते. शिवाय 'आर' हे कोणत्याही दुकानात मिळत नाही. चूक अखेरपर्यंत टिकली तरी खरेदीच्या दारात ती अडतेच.

४

गृहीत मूल्य कोणते असावे ह्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्याच्या मालकीचा आहे. चिन्ह संग्रहातून आकृतीत आल्यानंतर त्याचे मूल्य कोणाचे? संग्रहाचे की आकृतीचे?

ह्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर ईगल ह्या साधनाने दिले होते. त्यात संग्रहकर्त्याला प्रत्येक घटकासाठी एक खटका ठेवावा लागे. तो चालू असेल तर मूल्य आकृतिकाराने द्यावयाचे, आणि ते दिल्यावाचून घटक पूर्णपणे निश्चित झाला असे मानले जात नसे. तो बंद असेल तर घटकाचे नाव हेच त्याचे मूल्य, आणि ते बदलू पाहणाऱ्यास आधी विचारणा होई. रेझिस्टर पहिल्या वर्गात, ७४एलएस००एन सारखा आयसी दुसऱ्या वर्गात. कीकॅडच्या एका रकान्यात जे दोन अर्थ नांदतात, ते येथे एका खटक्याने वेगळे केलेले होते. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये ईगल विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. परंतु त्यातील हा विवेक बंद पडावा असे कोणी म्हणणार नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या जीईडीए ह्या मुक्त प्रकल्पात हाच प्रश्न 'हलकी चिन्हे' आणि 'जड चिन्हे' ह्या नावांनी चर्चिला गेला. हलके चिन्ह म्हणजे केवळ आकार व पिना. मूल्य, फूटप्रिंट इत्यादी आकृतीत भरावयाचे. जड चिन्ह म्हणजे सर्व माहिती अंगी घेऊन येणारे. ह्या प्रकल्पाच्या रचनेत एक मार्मिक बारकावा होता. चिन्हातील दृश्य गुणधर्म आकृतीत उतरवून घेतले जात आणि त्यानंतर ते आकृतीचे होत. अदृश्य गुणधर्म सामान्यतः चिन्हाच्या मूळ फाइलीतच राहत, आणि नेटलिस्ट तयार करताना तेथून वाचले जात. परिणाम असा, की संग्रहातील फाइल बदलली तर जुन्या आकृतीचा अर्थ कागदावरील एकही रेघ न हलता बदलू शके. ह्या धोक्याची जाणीव असल्यामुळेच चिन्हाला आवृत्तिक्रमांक देण्याची आणि त्यात मोठा फरक पडल्यास इशारा देण्याची योजना पुढे करण्यात आली.

कीकॅडने २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या सहाव्या आवृत्तीत उलट मार्ग धरला. चिन्हाची प्रत आकृतीच्या फाइलीतच साठविली जाते आणि संग्रह बदलला तरी आकृती अबाधित राहते. संग्रहातील सुधारणा हवी असल्यास चिन्हे नव्याने आणण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि त्या वेळी कोणते रकाने संग्रहाप्रमाणे करावयाचे हे निवडता येते. ही निवड घाईने केली आणि मूल्याचा रकानाही तीत घेतला, तर विचारपूर्वक लिहिलेली सर्व मूल्ये पुन्हा 'आर' आणि 'सी' होतात. तरीही येथे एक समाधान आहे. नष्ट झालेली मूल्ये निदान नष्ट झालेली दिसतात. संग्रहात संख्या असत्या, तर तीच घाई शेकडो निर्णय पुसून त्यांच्या जागी शेकडो संभाव्य दिसणारी असत्ये लिहून गेली असती.

५

ह्या सर्वांवर उपाय म्हणून संपूर्ण निश्चित चिन्हांचा पुरस्कार केला जातो. प्रत्येक खरेदीयोग्य वस्तूसाठी संग्रहात स्वतंत्र नोंद असावी. मूल्य, सहनमर्यादा, आकार आणि उत्पादकाचा क्रमांक त्या नोंदीत असावा, म्हणजे गृहीत धरावयास काही उरतच नाही. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. खर्च मात्र मोजून पाहावा. ई-९६ मालिकेत एका दशकात ९६ मूल्ये. सहा दशके धरल्यास ५७६. चार आकार धरल्यास २३०४. एका जातीच्या रेझिस्टरसाठी एवढ्या नोंदी हाताने राखणे लहान कार्यशाळेला किंवा महाविद्यालयीन विभागाला अशक्यप्राय आहे. म्हणून मोठ्या संस्था ही माहिती विदागारात ठेवतात आणि आकृतीचे साधन त्याला जोडतात. ऑरकॅड व आल्टियम ह्यांत ही सोय पूर्वीपासून आहे. कीकॅडमध्ये ती २०२३ मधील सातव्या आवृत्तीपासून आली.

परंतु आकृती काढण्याच्या प्रारंभी अभियंत्याला मूल्य ठाऊक नसते, ही वस्तुस्थिती विदागाराने बदलत नाही. 'येथे एक रेझिस्टर हवा, किती ते नंतर ठरवू' हा विचार अपूर्ण असला तरी प्रामाणिक आहे, आणि संकल्पनाच्या प्रत्येक कामात तो येतोच. त्याला लिहिण्यासाठी चिन्ह नसेल, तर अभियंता हाताला लागेल ती निश्चित नोंद उचलील, आणि गृहीत मूल्याचा जुना दोष नव्या, अधिक अधिकृत वेषात परत येईल. संपूर्ण निश्चितीच्या पुरस्कर्त्यांनी अनिश्चिततेला वाणी ठेवलेली नाही, हा त्यांच्या मतातील मुख्य उणेपणा होय.

६

वस्तुतः अशी वाणी ह्या भाषेत पूर्वीपासूनच आहे, फक्त ती दुसऱ्या रकान्यात आहे. चिन्ह संग्रहातून कागदावर आले की त्याचे क्रमनाम प्रथम 'आर?' असे असण्याची प्रथा जीईडीए व कीकॅड ह्या दोन्ही परंपरांत आहे. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ सर्वांना कळतो, आणि क्रमांक द्यावयाचा राहिला असल्यास तपासणीत तो दोष म्हणून नोंदला जातो. क्रमनामाच्या बाबतीत कोणत्याही संग्रहकर्त्याने सर्व रेझिस्टरांना सोयीसाठी 'आर१' असे नाव देऊन ठेवण्याचा विचार केला नाही; तसे करणे उघड मूर्खपणाचे ठरले असते. मूल्याच्या बाबतीत मात्र तेच करणे सोयीचे मानले गेले. क्रमनामाची चूक नेटलिस्टला तत्काळ बिघडविते आणि मूल्याची चूक यंत्राला जाणवत नाही, हेच ह्या भेदाचे कारण दिसते. परंतु यंत्राला जे जाणवत नाही, त्याचीच खूण माणसासाठी अधिक ठळक असावयास हवी.

पाणिनीय परंपरेचाच दुसरा एक दाखला येथे उपयोगी पडेल. त्या शास्त्रात लोप म्हणजे निव्वळ काही नसणे नव्हे. जेथे काही अपेक्षित होते तेथे ते न दिसणे, आणि त्या न दिसण्याला शास्त्राने दिलेले नाव, म्हणजे लोप. नाव मिळाल्यामुळे त्या अभावाविषयी नियम करता येतात. मूल्याच्या रिक्त रकान्यालाही असेच नाव हवे. निव्वळ कोरा रकाना पुरेसा नाही, कारण 'मूल्य लागत नाही' आणि 'मूल्य अद्याप ठरले नाही' ह्या दोन अवस्था त्यात एकरूप होतात. पहिलीसाठी कोरी जागा योग्य; दुसरीसाठी प्रश्नचिन्हासारखी घोषित खूण हवी, आणि तपासणीच्या साधनाने ती क्रमांक नसलेल्या चिन्हाइतक्याच काटेकोरपणे दोष म्हणून नोंदविली पाहिजे.

ह्या विवेचनाचा आपल्या विद्यापीठीय परिसराशी थेट संबंध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने विकसित केलेल्या ईसिम ह्या साधनात कीकॅडची आकृती आणि एनजीस्पाइसचे सिम्युलेशन एकत्र जोडलेले आहे. म्हणजे नावाला मूल्य म्हणून चालवून घेणारी परंपरा आणि मूल्याच्या जागी अर्थपूर्ण संख्या मागणारी परंपरा ह्यांचा सांधा तेथे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतो. ह्या सांध्यावर विद्यार्थी अडखळला, तर तयार संख्या पुरवून तो सांधा गुळगुळीत करण्याचा मोह शिक्षकाला होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरावा. अडखळण्याच्या त्या क्षणीच आकृतिशास्त्राचा एक मूलभूत धडा शिकवता येतो : चिन्ह ठेवणे हा एक निर्णय आहे आणि मूल्य देणे हा दुसरा.

ज्या विभागांना स्वतःचा चिन्हसंग्रह राखावयाचा आहे, त्यांच्यासाठी निष्कर्ष थोडक्यात असे सांगता येतील. सामान्य चिन्हावर खरेदीयोग्य दिसणारी संख्या असू नये. एखादे मूल्य वारंवार लागत असेल, उदाहरणार्थ आयसीजवळचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, तर त्याचे संपूर्ण निश्चित असे वेगळे चिन्ह करावे. तेथे ती संख्या गृहीत राहत नाही, निवडलेली ठरते. संग्रहातील नाव आणि आकृतीतील मूल्य वेगळे राखावे. आकृतिकाराने एकदा लिहिलेले मूल्य संग्रहाने स्वतंत्र संमतीवाचून कधीही पुसू नये. आणि सिम्युलेशनच्या अध्यापनासाठी तयार मूल्यांची चिन्हे हवीच असतील, तर त्यांचा संग्रह निराळा ठेवावा व त्यातील चिन्हे फलकाच्या आकृतीत येऊ देऊ नयेत.

मंडलाकृतीवरील प्रत्येक संख्या कोणाच्या तरी विचाराची साक्ष असावी, एवढीच ह्या सर्वांमागील अपेक्षा आहे. जेथे विचार झालेला नाही तेथे तसे लिहिण्यात कमीपणा नाही. वाचणाऱ्याला तेवढे कळले, तर उरलेला प्रश्न तो स्वतः विचारू शकतो.